दुपारी चालतो, सकाळी नाही

जुना कॉम्प्युटर एका दिवसात बंद पडत नाही. आधी तो चुकारपणा करायला लागतो. एखाद्या दिवशी बटण दाबलं की पहिल्या फटक्यात सुरू, दुसऱ्या दिवशी पाच वेळा दाबावं लागतं, तिसऱ्या दिवशी पंखा एकदा गर्रकन फिरतो आणि थांबतो. घरातली मंडळी मग त्याची मनधरणी करायला शिकतात. कोणी डब्यावर थाप मारतं, कोणी वायर हलवतं, कोणी म्हणतं, "स्वल्प तडीरी, आत्ता होतोय बघा." शेवटी घरातला तरुण मुलगा वैतागतो. "किती दिवस सांभाळणार हे धूड? भंगारात द्या की."

भंगारात द्यायला माझी ना नाही. वीस वर्षांचं यंत्र कधीतरी जायचंच. पण त्याआधी एवढं बघा, की त्याच्या पोटात काय आहे, आणि ते दुसरीकडं कुठं आहे का. आपल्या भागातल्या घरांत २००० ते २०१० च्या दरम्यान आलेले डेस्कटॉप म्हणजे घरची दप्तरं झालेली आहेत. वंशावळ, लग्नपत्रिकेचे मजकूर, ऊसबिलाचे हिशेब, कन्नडमधल्या अर्जांचे नमुने, वडिलांनी निवृत्तीनंतर टाइप केलेल्या आठवणी. ह्यातलं मोबाइलमध्ये काही नसतं. आणि कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हटल्यावर "गेलं सगळं" असं समजून माणसं गप्प बसतात. खरं म्हणजे सुरू न होणं हा बहुतेक वेळा विजेचा आजार असतो. आतलं लिखाण हार्डडिस्कवर असतं आणि ते जागच्या जागी असतं.

आधी बटणाबद्दल सांगतो, कारण गैरसमज तिथंच आहे. ट्यूबलाइटचं बटण दाबलं की वीज सरळ ट्यूबलाइटला जाते. कॉम्प्युटरचं बटण तसं नाही, ते दारावरच्या बेलसारखं आहे. बेल वाजवल्यानं दार उघडत नाही, आतल्या माणसानं उठून उघडावं लागतं. आपण ज्याला सीपीयू म्हणतो त्या डब्यात (खरा सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीपेक्षा लहान चीप, पण नाव आता डब्यालाच चिकटलं आहे) मागच्या बाजूला जाळी आणि पंखा असलेली एक पत्र्याची पेटी असते. ती एसएमपीएस. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज करून देते. प्लग लावलेला असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही ही पेटी अर्धी जागी असते, जांभळ्या वायरीतून ५ व्होल्ट सतत पुरवते. तेवढ्या विजेवर मदरबोर्ड बेलची वाट बघत बसलेला असतो. आपण बटण दाबलं की तो हिरव्या वायरीवरून एसएमपीएसला उठवतो. पेटी उठते, सगळे व्होल्टेज तयार करते, ते ठीक झाले की करड्या वायरीवरून "चालू दे" असा निरोप देते. ह्या सगळ्याला अर्धा सेकंद पुरतो. निरोप आला नाही तर मदरबोर्ड पुढं सरकत नाही. पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो.

तेव्हा दोष बेलमध्ये असेल, ऐकणाऱ्यात असेल किंवा उठणाऱ्यात. पण त्याच्याही आधी डब्याच्या बाहेर बघायचं. मी बघितलेल्या निम्म्या घरांत कॉम्प्युटर यूपीएसला, यूपीएस एक्स्टेन्शन बोर्डाला आणि तो बोर्ड ढिल्या सॉकेटला, अशी माळ असते. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी तीन-चार वर्षांत दमते. दमलेला यूपीएस बाहेरून हिरवा दिवा दाखवतो आणि भार पडला की आतून मान टाकतो. म्हणून पहिलं काम म्हणजे यूपीएस आणि बोर्ड बाजूला ठेवून सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावून बघणं. मागची पॉवर केबलही दुसरी लावून बघावी. डब्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर त्या घरात अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. तिथं कॉम्प्युटर राहू दे, आधी वायरमनला बोलवा. एसएमपीएसच्या मागं काही जुन्या पेट्यांना ११५ आणि २३० असा लाल खटका असतो. तो आपल्याकडं २३० वरच पाहिजे. झाडपूस करताना कोणी तो सरकवला तर बटण दाबल्याबरोबर मोठा आवाज होईल आणि पेटी कायमची गप्प बसेल. लहान मुलांच्या घरात मी त्या खटक्यावर चिकटपट्टी लावायला सांगतो.

बेल खराब आहे का, हे बघणं सोपं आहे. डब्यावर पॉवरच्या शेजारी रिसेटचं छोटं बटण असतं. वर्षानुवर्षं कोणी दाबलेलं नसतं, त्यामुळं ते नव्यासारखं असतं. प्लग काढून डबा उघडायचा, मदरबोर्डच्या कोपऱ्यात पॉवर बटणाची दोन वायरींची टोपी ज्या पिनांवर बसलेली असते, तिथं रिसेटची टोपी बसवायची. आता रिसेट दाबलं की कॉम्प्युटर सुरू व्हायला पाहिजे. दर वेळी झाला, तर तुमचा आजार बटणाचा होता आणि खर्च शून्य.

डबा उघडलाच आहे तर दोन कामं आणखी करून घ्या. रॅमची पट्टी दोन्ही बाजूच्या खिट्ट्या उघडून काढायची, तिचे सोनेरी दात शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसायचे, कीस झटकायचा आणि पट्टी टक्क आवाज येईपर्यंत परत बसवायची. आपल्याकडं खानापूर, चंदगडच्या बाजूला पावसाळ्यात हवेतला ओलावा इतका असतो, की ह्या एका उपायानं उठलेले कॉम्प्युटर पुष्कळ आहेत. दुसरं म्हणजे मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर २०३२. ३ व्होल्टची असते, घड्याळवाल्याकडंही मिळते. सुरू झाल्यावर तारीख भलतीच दिसत असेल तर ती संपली आहे. काही मदरबोर्ड ही बॅटरी मेल्यावर सुरू व्हायलाच कुरकुर करतात.

एसएमपीएसची पेटी मात्र उघडायची नाही. हे जरा मोठ्यानं सांगतो. त्या पेटीच्या आत २३० व्होल्टचे सरळ करून सव्वातीनशे व्होल्ट होतात आणि प्लग काढल्यावरही ते मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ साठून राहतात. स्क्रू ड्रायव्हर हातात आला की सगळं उघडून बघायची हौस असणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता कपॅसिटरचा विषय निघालाच आहे, आणि जुन्या कॉम्प्युटरचा खरा आजार तोच. कपॅसिटर म्हणजे विजेचा छोटा रांजण. भरतो, ओततो, त्यामुळं वीज एकसारखी मिळते. त्याच्या आत ओलं रसायन असतं आणि वर्षानुवर्षं उष्णतेत ते वाळत जातं. तापमान १० अंशांनी कमी ठेवलं तर कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ह्या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणून धुळीनं जाळी बुजलेला डबा लवकर म्हातारा होतो. त्यातून २००० च्या आसपासच्या काही वर्षांत जगभर बाजारात आलेल्या कपॅसिटरांपैकी पुष्कळांतलं रसायनच सदोष होतं. त्या काळातले मदरबोर्ड उघडले तर काही कपॅसिटरांची वरची टोपी तव्यावरच्या भाकरीसारखी फुगलेली दिसते, कुठं तपकिरी चिकट डाग दिसतात. ह्या वाळलेल्या रांजणाची एक खोड असते. थंडीत तो आणखी अडतो. जरा ऊब मिळाली की काम करतो.

ही खोड मला एका घरात फार स्पष्ट दिसली. २०२३ च्या डिसेंबरात माझ्या मावसबहिणीनं खानापूरला बोलावलं. तिच्या सासूबाईंना घरात सगळेच अव्वा म्हणतात. माहेर धारवाडकडचं कन्नड, सासर मराठी. पंच्याऐंशीच्या घरातल्या. २००५ मध्ये घेतलेल्या कॉम्प्युटरवर त्यांनी साठी उलटल्यावर टाइपिंग शिकून माहेरची सोबाने पदं आणि बीसुव पदं कन्नडमध्ये उतरवली, आणि सासरच्या बायकांच्या ओव्या देवनागरीत. नऊ-दहा वर्षं हे चाललं होतं. दीडशेच्या वर गाणी. फेब्रुवारीत नातीचं लग्न होतं, हळदीला ती पदं म्हणायची ठरली होती, आणि अव्वांना आता त्यातली निम्मी आठवत नव्हती. पहिली ओळ येई, पुढं नुसता सूर. भाचा बेंगळुरूला इंजिनिअर आहे. त्याचं म्हणणं, मदरबोर्ड गेला, त्यावर खर्च करू नका. यंत्रापुरतं त्याचं म्हणणं वाजवी होतं.

सगळ्यांनी आपापलं निदान सांगितलं. बहीण म्हणाली व्हायरस असेल. शेजाऱ्यांनी मुंग्या गेल्या असतील म्हणून सांगितलं. (ही शक्यता आपल्याकडं अगदीच हसण्यासारखी नाही. उबेला मुंग्या जातात.) अव्वा कोपऱ्यातल्या खाटेवरून म्हणाल्या, "मुंजानी चालू आगूदिल्ल, मध्याह्न आगतैती." मी विचारलं, रोज असंच? तर म्हणाल्या, उन्हाळ्यात सकाळीसुद्धा होत होता, दिवाळी झाल्यापासून दुपारशिवाय नाही.

अर्धी तपासणी तिथंच झाली. व्हायरसला थंडी वाजत नाही. सकाळी अडतो, दुपारी चालतो, उन्हाळ्यात कुरकुर कमी, म्हणजे वाळलेले कपॅसिटर, एसएमपीएसमधले किंवा मदरबोर्डवरचे. मी सकाळी साडेआठला एकदाच बटण दाबून बघितलं, पंखा अर्धा वळसा घेऊन थांबला, आणि मग कोणाला हात लावू दिला नाही. अर्धवट उठून पडणं हार्डडिस्कला सोसत नाही, आणि आम्हाला डिस्कच हवी होती. यूपीएस बाजूला केला. डबा अंगणात नेऊन ब्रशनं धूळ काढली, रॅम पुसली, बॅटरी बदलली. मदरबोर्डचे कपॅसिटर एकेक करून बघितले, फुगलेला एकही नव्हता. म्हणजे संशय पेटीवर. दीड वाजता जेवणं झाल्यावर बटण दाबलं. दुसऱ्या खेपेला विंडोजचं चित्र आलं. "बंतु नोड्री!" म्हणून बहीण ओरडली.

अशा वेळी माणसं काय करतात? सुरू झाला ना, म्हणून समाधानानं बंद करतात. तसं अजिबात करायचं नाही. जुना कॉम्प्युटर सुरू झाला की ती शेवटची खेप आहे असं समजून आधी नक्कल काढायची. पेनड्राइव्ह आधीच तयार ठेवा, आणि तो फॅट ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असू दे, कारण अलीकडच्या मोठ्या पेनड्राइव्हची एक्सफॅट पद्धत जुन्या एक्सपीला बहुधा कळत नाही. पुढच्या यूएसबी खाचा पुष्कळदा सैल झालेल्या असतात, मागच्या वापरा. आधी लिखाण, मग फोटो, गाणी-सिनेमे शेवटी. आमचं लिखाण पाच मिनिटांत उतरलं. दीडशे गाण्यांना जागा लागते किती!

तो दुपारीही उठला नसता तरी मार्ग होता. हार्डडिस्क काढून यूएसबी अडॅप्टरनं दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. फक्त डिस्क कोणत्या जातीची ते बघून अडॅप्टर घ्यायचा. रुंद चपटी पट्टी जोडलेली असेल तर आयडीई, अरुंद केबल असेल तर साटा. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्टही लागतात, म्हणून स्वतंत्र अडॅप्टर-चार्जरसह येणारा संच मागा.

नक्कल हातात आल्यावर मी बहिणीला म्हटलं, अजून एक फोल्डर राहिलं. सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत फाँट्स नावाचं. ह्याचं कारण भाच्याच्या एका गोष्टीत आहे. त्यानं मागं कधीतरी दोन फायली ई-मेलनं मागवल्या होत्या. उघडल्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसला, म्हणून फायली बिघडल्या असं समजून त्यानं पुसून टाकल्या. फायली बिघडल्या नव्हत्या. अव्वांनी बरह वापरून वर्डमध्ये टाइप केलं होतं. १९९८ मध्ये कन्नडसाठी निघालेलं हे सॉफ्टवेअर पुढं देवनागरीही लिहू लागलं, आणि आपल्याकडच्या दोन भाषांच्या घरांना ते फार सोयीचं पडलं. पण त्या काळच्या अशा फाँटमध्ये फायलीच्या आत मराठी किंवा कन्नड अक्षर नसतंच. आत रोमन अक्षराचा आकडा असतो आणि फाँट त्याच्यावर आपल्या अक्षराचा मुखवटा चढवतो. मुखवटा नसलेल्या कॉम्प्युटरवर आतला रोमन चेहरा दिसतो. नुडी, श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फाँटांत केलेल्या कामाचीही हीच तऱ्हा. म्हणून फायलींबरोबर फाँट घ्या, शक्य तर त्याच कॉम्प्युटरवरून कागदावर प्रिंटही काढा. फाँट नव्या कॉम्प्युटरवर बसवला की मजकूर जसाच्या तसा दिसतो, मग तो युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा. युनिकोडमध्ये देवनागरीला आणि कन्नडला स्वतःचे आकडे आहेत, कुठल्याही मोबाइलवर ते उमटतात.

बदलताना चुका होतात. मराठीत रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, कन्नडमध्ये ओत्तक्षरं भलत्या अक्षराखाली जाऊन बसतात. त्यामुळं कोणीतरी ओळ न् ओळ वाचावी लागते. खानापूरला हे काम तीन आठवडे संध्याकाळी चाललं. बहीण मोबाइलवर बघून मोठ्यानं वाचायची, तिची कन्नड बोलण्यापुरती, त्यामुळं अडखळायची, आणि अव्वा डोळे मिटून पुढचा शब्द सांगायच्या. पहिली ओळ मिळाली की त्यांना पुढचं येई. काही ठिकाणी मजकूर बरोबर उतरला होता तरी त्या म्हणाल्या, "हे मी तेव्हा चुकीचं लिहिलंय, आमच्या आईच्या तोंडात असं नव्हतं." तसे अठरा-वीस बदल झाले. लग्नात वाटायला छोटी पुस्तिका काढली, डाव्या पानावर कन्नड, उजव्या पानावर मराठी. भाच्यानं बेंगळुरूला बसून तिची मांडणी केली.

कॉम्प्युटरचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. संशय खरा आहे का, हे बघायला मी बेळगावहून दुसरी चालू एसएमपीएस नेऊन लावली आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी साडेसहाला, खानापूरच्या थंडीत, पहिल्या दाबाला उठला. म्हणजे मदरबोर्ड निर्दोष. तुम्ही पेटी बदलायला निघालात तर जुनीचा फोटो काढून दुकानात दाखवा. मोठा प्लग २० पिनांचा की २४ चा, ते बघा. नव्या पेट्यांना बहुधा २० अधिक ४ असा सुटा होणारा प्लग असतो. प्रोसेसरजवळचा चौकोनी ४ पिनांचा प्लग विसरला तर पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील. आयडीई डिस्कला पांढरा मोठा ४ पिनांचा प्लग लागतो, नव्या पेट्यांत तो एखादाच येतो. नवी पेटी लावूनही तोच त्रास असेल तर मदरबोर्डचे कपॅसिटर बदलावे लागतात. डाग देणारा चांगला कारागीर ते करतो, पण नक्कल हातात असेल तर एवढा खर्च करावा असं मला वाटत नाही.

चालू झालेल्या एक्सपीला इंटरनेट मात्र जोडू नका. त्याचे सुरक्षा-दुरुस्तीचे हप्ते ८ एप्रिल २०१४ लाच थांबले. हिशेबाला, जुन्या फायली बघायला, प्रिंटला खुशाल वापरा. महिन्यातून एकदोनदा सुरू करत चला, बंद पडून राहिलेला कॉम्प्युटर जास्त बिघडतो. आणि शेवटी भंगारात द्यायची वेळ आलीच, तर रस्त्यावरच्या हातगाडीवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाला द्या. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसं असतं. डबा देण्याआधी मागचे चार स्क्रू काढून हार्डडिस्क आठवणीनं काढून घ्या. तिच्यावर घरातल्या माणसाच्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची, काय आहे आणि कोणत्या फाँटमध्ये आहे, दोन्ही लिहून.